स्फटिकदर्शन आणि जीवाचा विवेक

उद्याचे ज्ञान नसणे ही जीवाच्या बद्धावस्थेची एक खूण आहे. गतकाल तो अर्धवट स्मरतो, वर्तमान अर्धवट जाणतो, आणि भविष्याच्या ठिकाणी तर त्याला केवळ तर्काचाच आधार असतो. ही उणीव त्याला सोसवत नाही. म्हणून पाण्याने भरलेले पात्र, तेलाचा थेंब, तलवारीचे पाते, दर्पण, काळी काच, स्फटिकाचा गोळा अशा कोणत्याही चकाकणाऱ्या पदार्थात दृष्टी खिळवून अदृष्टाचा शोध घेण्याचा प्रघात जगात फार जुना व फार दूरवर पसरलेला आहे. साधने देशोदेशी निराळी; त्यांच्यासमोर बसणाऱ्या जीवाची आर्तता मात्र सर्वत्र एकच.

या प्रघाताविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. हे सर्व थोतांड आहे, असे एक पक्ष म्हणतो. त्यात काहीतरी तथ्य असलेच पाहिजे, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर वाद घालतात, ती म्हणजे स्फटिकात दिसलेले खरे की खोटे. परंतु धर्माधर्माचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. पाहणारा लबाड असेल, तर त्याचा विचार करण्यास न्यायालये समर्थ आहेत. तेथे शास्त्रचर्चेचे कारण नाही. पण पाहणारा आपल्या परीने प्रामाणिक असेल, विचारणारा विद्वान व भाविक असेल, प्रश्न विचारण्यापूर्वी तो ईश्वराची प्रार्थना करीत असेल आणि त्याला धनाचाही लोभ नसेल, तर तेथे दोष आहे काय? आणि असल्यास तो नेमका कोठे आहे? हा खरा अवघड प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एक उदाहरण इतके उपयुक्त आहे की ते सविस्तर पाहणे अवश्य आहे. इंग्लंडमध्ये जॉन डी नावाचा एक गणितज्ञ होऊन गेला. त्याचा जन्म १५२७ मधला. युक्लिडच्या भूमितीचे इंग्रजी भाषांतर १५७० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला याने लिहिलेली प्रस्तावना गणिताच्या इतिहासात आजही आदराने उल्लेखिली जाते. उत्तर समुद्रातून पूर्वेकडे जाण्याचा मार्ग शोधणाऱ्या नाविकांना तो सल्ला देत असे. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा दिवस, १५ जानेवारी १५५९, त्यानेच ज्योतिषाच्या आधारे निवडून दिला होता. लंडनजवळ मॉर्टलेक येथे थेम्स नदीच्या काठी त्याचे घर होते, आणि त्या घरात त्याच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे चार हजार ग्रंथ होते. असा हा मनुष्य अडाणी नव्हता, आळशी नव्हता आणि नास्तिकही नव्हता.

पन्नाशी ओलांडल्यावर मात्र त्याला असे वाटू लागले की ग्रंथांतून मिळायचे तेवढे मिळाले. सृष्टीचे मूळ रहस्य आता मनुष्याकडून कळणार नाही, ते देवदूतांनाच विचारले पाहिजे. त्यासाठी त्याने स्फटिक आणले, मेणाच्या कोरीव मुद्रा करविल्या, त्या ठेवण्यासाठी खास मेज बनविले. अडचण एकच होती. स्फटिकात त्याला स्वतःला काही दिसत नव्हते. तेव्हा ज्याला दिसते असा मनुष्य त्याला शोधावा लागला. मार्च १५८२ मध्ये एडवर्ड केली नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण, आरंभी दुसरेच नाव धारण करून, त्याच्या दारी आला. पुढील पाच वर्षे केली स्फटिकात पाहत राहिला आणि डी शेजारी बसून लिहीत राहिला. प्रत्येक बैठकीपूर्वी डी दीर्घ प्रार्थना करी. या लेखनाचा मोठा भाग आजही उपलब्ध आहे. १६५९ मध्ये मेरिक कसॉबन या पंडिताने त्यातील पुष्कळसा भाग छापला, आणि तो वाचणाऱ्या कोणालाही डी ढोंगी होता असे म्हणवत नाही. खुद्द कसॉबनचेही मत असेच होते की डी सरळ मनाचा होता. फसविणारे होते ते पलीकडचे.

प्रश्नांचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. आरंभी डीने विचारले ते सृष्टीच्या रचनेविषयी, देवदूतांच्या भाषेविषयी. त्यास उत्तरे मिळाली: अक्षरांची कोष्टके, विचित्र नावे, एक संपूर्ण नवी भाषा. मग पोलंडचा एक सरदार, ओल्ब्राख्त लास्की, इंग्लंडला आला आणि स्फटिकातून त्याच्या थोर भवितव्याच्या वार्ता येऊ लागल्या. सप्टेंबर १५८३ मध्ये डी व केली आपापली कुटुंबे घेऊन त्याच्यासह निघाले. मागे मॉर्टलेकच्या ग्रंथालयाची लूट झाली. लास्कीजवळचा पैसा संपला. पोलंडचे सिंहासन त्याला कधीच मिळाले नाही. प्रागमध्ये १५८४ साली डी सम्राट रुडॉल्फसमोर उभा राहिला आणि देवदूतांच्या आज्ञेवरून त्याने सम्राटालाच त्याची पापे सांगितली. १५८६ मध्ये त्याला सम्राटाच्या राज्यातून हद्दपारीचा हुकूम झाला. पुढे एका उमरावाच्या आश्रयाने ही मंडळी बोहेमियातील त्रेबोन येथे राहिली. या काळात प्रवास केव्हा करावा, कोणावर विश्वास ठेवावा, कोठे राहावे, हे सर्व स्फटिकाला विचारले जात होते. ज्या मनुष्याने नाविकांना मार्ग दाखविले, तो आपल्या घराचा उंबरठाही विचारल्यावाचून ओलांडीनासा झाला.

आणि मग १५८७ च्या वसंतात त्रेबोन येथे ती आज्ञा आली. दोघा पुरुषांनी सर्व काही समाईक करावे, आणि त्यात आपापल्या धर्मपत्नीही याव्यात, असा स्फटिकाचा आदेश केलीने सांगितला. डीला प्रथम धक्का बसला. आज्ञेचा अर्थ आध्यात्मिक घ्यावयाचा की शब्दशः, अशी शंका त्याने उपस्थित केली. परंतु ती शंका त्याने कोणाला विचारली? स्फटिकालाच. ज्या मुखातून आज्ञा आली त्याच मुखाने तिचा अर्थही सांगितला, आणि अर्थातच तो शब्दशः होता. डीने ही गोष्ट पत्नीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ थरथरत रडत होती, हे त्यानेच आपल्या हाताने लिहून ठेवले आहे. त्या मे महिन्यात चौघांच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

ही आज्ञा केलीने स्वतः रचली असावी, असे पुष्कळांचे म्हणणे आहे, आणि ते खरेही असू शकेल. परंतु याच केलीने त्यापूर्वी अनेक वेळा, हे येणारे देवदूत नव्हेत, हे भुलविणारे आहेत, आता हे पाहणे पुरे करावे, असे डीला सांगितले होते. प्रत्येक वेळी डीने त्याची समजूत घालून त्याला पुन्हा स्फटिकासमोर बसविले. म्हणजे पाहणाऱ्याला शंका होती आणि विचारणाऱ्याला नव्हती! लोकव्यवहारात द्रष्ट्यालाच दोष देण्याची रीत आहे. येथे मात्र दोषाचे मूळ विचारणाऱ्याच्या आसनाखाली सापडते. डीला सत्य हवे होते, हे खरे. पण ते पारखण्याचे श्रम न करता हवे होते. ग्रंथ वाचताना त्याने प्रत्येक विधान तोलले असते, विरोधी मत पाहिले असते, चूक सापडल्यास समासात खूण केली असती. स्फटिकासमोर बसताना त्याने हा तराजूच बाहेर ठेवला, आणि पाच वर्षे न वापरलेला तराजू ऐन वेळी त्याच्या हाती लागला नाही.

स्फटिकात काय दिसते, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे; कारण दिसते ते सर्वथा खोटेच असते, असे नाही. इटलीतील उर्बिनो विद्यापीठाच्या कापुतो नामक मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास माणसांना त्याने मंद प्रकाशात दहा मिनिटे आरशातील स्वतःच्या चेहऱ्याकडे एकटक पाहावयास सांगितले. बहुतेकांना आपलाच चेहरा विकृत झालेला दिसला. काहींना अनोळखी मनुष्य, काहींना आईबाप, काहींना अक्राळविक्राळ रूपे दिसली. यांतील कोणी खोटे बोलत नव्हते. दृष्टी एका ठिकाणी खिळली आणि प्रकाश मंद झाला की इंद्रिये जे पुरवीत नाहीत ते मन पुरवू लागते. लंडनमध्ये १८८२ साली अतींद्रिय विषयांच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या १८८९ च्या वृत्तांतात स्फटिक पाहणाऱ्या एका सुशिक्षित स्त्रीचे अनुभव आले आहेत. तिला एकदा स्फटिकात एका परिचित स्त्रीच्या मृत्यूची वृत्तपत्रातील वार्ता दिसली. शोध घेता आढळले की ती वार्ता आदल्या दिवशीच्या वृत्तपत्रात होती, आणि ते वृत्तपत्र तिने विस्तवाची धग लागू नये म्हणून तोंडासमोर धरले होते. डोळ्यांनी वाचले होते, चित्ताने नोंदले नव्हते. स्फटिकाने तिला तिचेच देणे परत केले, एवढेच.

हा विचार साधकाला नवा वाटू नये. वासनेचे संस्कार चित्तात असतात आणि ते संधी मिळताच रूप धारण करतात, हे तो जाणतोच. मात्र यातून एक गोष्ट निष्पन्न होते. पाहणारा आपले संस्कार पाहतो आणि विचारणारा आपली इच्छा ऐकतो. मग अज्ञानात भर पडते, आणि वर त्या अज्ञानाला दैवी साक्षीचा शिक्का बसतो. साध्या अज्ञानाला निदान आपण जाणत नाही याची जाणीव असते.

आता कोणी म्हणेल की डीला बोलणारे मनाचे खेळ नव्हते, खरोखरीच्या देवता होत्या, असे धरले तर? धरून चालावे. तरीही मोठासा फरक पडत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ निरनिराळे आहेत, आणि देवता कितीही श्रेष्ठ असली तरी तिचे ज्ञान व सामर्थ्य आपल्या मर्यादेत राहते, हा तर शास्त्राचा मूळ सिद्धान्त आहे. श्रीकृष्ण चक्रवर्तींनीही गीतेच्या सातव्या अध्यायात अन्य देवतांच्या भक्तांचे फळ अंत पावणारे सांगितले आहे. मर्यादित ज्ञान असणाऱ्याला आपल्या जीवनाचा निरपवाद स्वामी करणे हे, ती देवता खरी असली तरी, अनन्यतेचा भंग आहे. डी दररोज परमेश्वराची प्रार्थना करीत होता आणि आज्ञा मात्र दुसऱ्याच्या पाळीत होता.

हा दोष युरोपातील एका पंडितापुरता आहे, असेही समजू नये. महाराष्ट्रात स्फटिकाऐवजी अंजन असते. आंगठ्याच्या नखाला किंवा तळहाताला काजळासारखे काळे अंजन लावून त्यात पाहण्याची रीत येथे जुनी आहे. मुसलमानी परंपरेतून आलेल्या तशाच प्रकाराला हाजरात म्हणतात. पायाळू मनुष्याला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले त्याला, अंजनाने भूमीतील गुप्तधन दिसते, अशीही समजूत आहे. हाजरातीला बहुधा लहान मूल बसवितात, कारण ते निष्पाप असते, खोटे बोलणार नाही. विचित्र न्याय आहे हा! जो निष्पाप आहे त्याच्याच मुखातून दुसऱ्याचे पाप वदवून घ्यावयाचे. घरातील दागिना हरवलेला असतो. अंजन लावलेले मूल नखाकडे पाहत बसते. भोवती मोठी माणसे श्वास रोखून उभी असतात, आणि विचारणारा विचारतो: बाई दिसते की पुरुष? उंच की ठेंगणी? घरातली की बाहेरची? मुलाने काय म्हणावे? प्रत्येक प्रश्न त्याला एक वाट दाखवितो आणि दुसरी बंद करतो. शेवटी जी व्यक्ती उभी राहते ती विचारणाऱ्याच्या मनात आधीपासून उभी असलेलीच असते. बहुधा घरकाम करणारी एखादी गरीब बाई किंवा नावडती सून. दागिना पुढे धान्याच्या कणगीत सापडला, तरी त्या बाईचे गेलेले नाव कोणत्याही कणगीत सापडत नाही. आणि त्या मुलाचे काय? आपण एका निरपराध स्त्रीला चोर ठरविले, हे त्याला मोठेपणी कळते तेव्हा त्या ओझ्याचा वाटेकरी कोण होतो?

गुप्तधनाची वाट तर याहून काळी आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या हत्या महाराष्ट्र विसरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्येही त्यात शिक्षेस पात्र ठरविली आहेत. कायदा आवश्यकच होता. परंतु कायदा कृत्याला पकडतो. कृत्याच्या फार आधी, कोणीतरी कोणालातरी पहिला प्रश्न विचारलेला असतो, आणि तो प्रश्न कोणत्याही कलमात सापडत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. गीतेतही भविष्य दाखविले गेले आहे. अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळाली आणि भीष्म, द्रोण, कर्ण हे कालमुखात शिरताना त्याने पाहिले. तू जिंकशील, असेही त्याला सांगण्यात आले. मग दर्शनाने भविष्य जाणणे निषिद्ध कसे?

उत्तर त्याच ग्रंथात आहे. अर्जुनाने भविष्य विचारलेच नव्हते. श्रीकृष्णांचे ऐश्वर्य पाहण्याची इच्छा केली होती. जे दिसले त्याने तो भयाने कापू लागला आणि हे रूप आवरावे, पूर्वीचे सौम्य रूप दाखवावे, अशी प्रार्थना करू लागला. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. युद्धाचा निकाल कळणे एवढेच जर पुरेसे असते, तर गीता अकराव्या अध्यायातच संपली असती. निकाल पाहिल्यानंतरही सात अध्याय श्रीकृष्ण समजावीत राहिले: भक्ती कोणती, ज्ञान कोणते, त्रिगुण कसे, दैवी व आसुरी संपत्ती कोणती. आणि अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर, असे म्हणून निर्णय अर्जुनावरच सोपविला. ज्यांना तिन्ही काळ ज्ञात आहेत त्यांनी आपल्या शिष्याचा विवेक काढून घेतला नाही. तो जागा करून त्याचा त्याला परत दिला. त्रेबोनच्या स्फटिकाने नेमके याच्या उलट केले. दोन्ही ठिकाणी दर्शन आहे, दोन्ही ठिकाणी आज्ञा आहे. पण एका ठिकाणी शिष्य उठतो तो मोह नष्ट होऊन, आणि दुसऱ्या ठिकाणी विचारणारा उठतो तो उद्या पुन्हा विचारण्यासाठी.

महाभारतातच दुसरे एक चित्र आहे, आणि ते जॉन डीच्या बैठकीशी विलक्षण जुळते. युद्धापूर्वी व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली. आपल्याच कुळाचा संहार पाहणे नको म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा ती संजयाला देण्यात आली. एक पाहतो आहे, एक न पाहता ऐकतो आहे. संजय केलीसारखा संशयास्पद नव्हता. तो सत्यच सांगत होता. व्यासांनी तर युद्धापूर्वीच दुश्चिन्हे सांगून संहाराची कल्पना दिली होती. खरे भविष्य, खरा द्रष्टा, उत्तम वक्ता, सर्व काही धृतराष्ट्राला लाभले होते. त्याने त्याचे काय केले? पुत्रमोहाच्या ठिकाणी तो तसाच बसून राहिला आणि दैव बलवान आहे असे म्हणत राहिला. म्हणजे भविष्य खोटे निघाले तर डीची गत होते आणि खरे निघाले तर धृतराष्ट्राची. ज्याने स्वतः निर्णय करण्याचे सोडले त्याला दोन्ही सारखीच.

या विषयाचा एक धागा भिक्षुकांच्या झोळीपर्यंतही येतो. साधू दारात उभा राहिला की घरातील माणसे भिक्षा घालतात आणि त्याच वेळी हात पुढे करतात: बाबा, मुलाला नोकरी केव्हा लागेल? लेकीचे जमेल का? परगावी गेलेल्या मुलाची खुशाली नाही, तो सुखरूप असेल ना? विचारणाऱ्या मातेचा उपहास कोणीही करू नये. तिला भविष्याची विद्या नको असते. तिला रात्री झोप हवी असते. साधूचे मन द्रवते आणि तो म्हणून जातो, येईल हो बाई, महिन्याभरात येईल. हे त्याने करुणेने म्हटले. पण ती माता दिवस मोजू लागते. महिना उलटतो. मुलाचा शोध घेण्यासाठी जे करावयाचे, चार ओळखीच्यांकडे चौकशी, पोलिसांकडे खबर, ते तिने साधूच्या शब्दावर विसंबून केलेले नसते. तिची आशा तुटली, हे एक. तिचे प्रयत्न थांबले, हे दुसरे. आणि महिन्याच्या आत मुलगा योगायोगाने खरोखरच आला, तर त्याहून मोठे संकट! मग त्या दारी साधूची वाट धर्मवार्तेसाठी पाहिली जात नाही. पुढच्या खेपेस सबंध आळी हात पसरून उभी असते, आणि आपल्याला काही दिसत नाही हे सांगण्याचे धैर्य तोवर साधूजवळ उरलेले नसते. केलीही कदाचित असाच केली झाला असेल. पहिल्या दिवशी त्याने काय पाहिले आणि काय म्हणून गेला, हे कोण सांगणार? मातेजवळ क्षणभर बसणे, तिचे ऐकणे, मला हे ज्ञान नाही असे स्पष्ट सांगणे, नामस्मरणाचा धीर देणे आणि शोधाचा एखादा मार्ग सुचविणे, एवढे साधूच्या हाती असते. यात चमत्कार नाही, म्हणून ते अवघड आहे.

डीच्या हातात असल्याचे सांगितले जाणारे एक काळे दर्पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९६६ पासून आहे. ज्वालामुखीतून निघालेल्या काचेचे ते आहे, आणि ती काच मेक्सिकोतील पाचुका येथील असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात निश्चित झाले. म्हणजे ते अॅझटेक लोकांचे. त्या लोकांच्या एका प्रमुख देवतेचे नावच ‘धुरकट दर्पण’ अशा अर्थाचे होते. त्यांचे नगर १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्यापुढे पडले. दर्पण शाबूत राहिले आणि समुद्रापलीकडे दुसऱ्या विचारणाऱ्याच्या घरी गेले.

केलीशी डीचा संबंध त्रेबोननंतर तुटला. केली प्रागमध्येच राहिला, काही काळ वैभवात आणि नंतर, १५९१ मध्ये, त्याच सम्राटाच्या कैदेत. डी १५८९ च्या अखेरीस इंग्लंडला परतला. ग्रंथ गेले होते, आश्रयदाते उरले नव्हते. राणीच्या मृत्यूनंतरही त्याच्याकडे जादूगार म्हणून बोट दाखविले जात राहिले आणि १६०४ मध्ये नव्या राजाकडे त्याने, आपली चौकशी करून हा कलंक दूर करावा, असा अर्ज केला. उपयोग झाला नाही. म्हातारपणी त्याला उरलीसुरली पुस्तकेही विकावी लागली. १६०७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, तो मॉर्टलेक येथे पुन्हा स्फटिकापुढे बसला. पाहणारा आता दुसराच कोणी होता. या वेळी सृष्टीच्या रहस्याविषयी फारसे विचारणे झाले नाही. स्वतःची प्रकृती, स्वतःची ददात, असे प्रश्न होते. देवदूताने त्याला सांगितले की लवकरच समुद्रापलीकडे एक दूरचा प्रवास घडेल आणि तेथे तुझे सर्व मनोरथ पूर्ण होतील. डीने ते नेहमीप्रमाणे लिहून घेतले. तो प्रवास घडला नाही. दीड-दोन वर्षांत त्याचा अंत झाला.